न सापडलेल्यांची यादी

१२ जानेवारी

बाइंडर आज एकविसाव्या खंडाचा कोरा नमुना माझ्या टेबलावर आदळून गेला. छपाईआधी खंडाची जाडी कळावी म्हणून तो असा नमुना बांधतो: खरं कापड, खरा पुठ्ठा, पाठीवर सोनेरी आकडा आणि आत हजारभर कोरी पानं. "घ्या, एवढाच निघाला," म्हणाला. कालच्या बैठकीत ठरलं की राष्ट्रीय ज्ञानकोश यापुढे छापायचा नाही. छापून झालेले वीस खंड स्कॅन करून संकेतस्थळावर चढवायचे, बाकीचं गुंडाळायचं. विसावा खंड 'समुद्र'पाशी संपतो. सूर्य, हवा आणि हृदय यांच्याशिवाय राष्ट्राला दिवस काढावे लागणार.

एकतीस वर्षं मी इथे दुसऱ्यांच्या नोंदी कापत आलो. कचेरीत मला खोडरबर म्हणतात. मला ते ठाऊक नाही असा त्यांचा समज आहे. ही कोरी पानं फुकट जाऊ नयेत म्हणून आजपासून यात लिहीन. हे कापायला कोणी नाही, त्यामुळे बहुतेक पाल्हाळ होणार.

ताईला काही सांगितलं नाही.

१५ जानेवारी

सांगायला हवं, पण जिवावर आलंय.

आमचा नियम असा की जिवंत माणसाची नोंद घ्यायची नाही. माणूस गेला की त्याचं कार्ड 'जिवंत'च्या खणातून निघतं आणि त्याच्या अक्षराच्या खंडात जातं. पण अक्षराचा खंड आधीच छापून झाला असेल तर तो बिचारा लटकतो. त्याला आम्ही 'अक्षर गेलं' म्हणतो. जुने संपादक म्हणायचे, मरायचं तर अक्षर पाहून मरावं.

दाजी आठव्या खंडाचे. आठवा खंड बाजारात आल्यावर अकरा महिन्यांनी गेले. चाळीस वर्षं त्यांनी शेवाळं गोळा केली, दोन नव्या जाती शोधल्या, आणि अकरा महिन्यांनी हुकले. तेरावं झाल्यावर मी ताईला म्हटलं होतं, "शेवटी पुरवणी खंड निघतो. अक्षर गेलेले सगळे त्यात येतात. दाजी येतील." तेव्हापासून चौदा वर्षं ती पुरवणीची वाट पाहते आहे. विचारत नाही कधी. नवा खंड आला की फक्त आकडा बघते आणि पुसून कपाटात ठेवते.

आईवडील गेले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि ताईच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दाजींनी मला पदरात घेतलं, शिकवलं, वाढवलं. त्याच्या बदल्यात मला चाळीस ओळी द्यायच्या होत्या. त्या लिहूनही ठेवल्यात. पुरवणीच्या खणात आहेत.

२० जानेवारी

सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "मग आता कंप्युटरवर येणार का सगळं?" मी म्हटलं, छापलेलं सगळं येईल. "आणि न छापलेलं?" मी म्हटलं, बघू. शेंगा संपल्या तरी ती रिकामी सालं चाचपत बसली होती.

३ फेब्रुवारी

नव्या संचालकांना भेटलो. ते आधी रेल्वेच्या वेळापत्रकाच्या खात्यात होते. पुरवणीच्या खणात चारशे बारा माणसं पडून आहेत, तीही चढवू या, असं मी सुचवलं. आता जागेचाही प्रश्न नाही, ना कागद लागतो ना पुठ्ठा. ते शांतपणे म्हणाले की मुद्रित तेवढंच अधिकृत. नव्या नोंदींसाठी संपादक मंडळ लागतं आणि जुनं मंडळ काल बरखास्त झालं. नवं कधी, तर ते वरून ठरेल.

म्हणजे कागद होता तेव्हा दाजींना जागा नव्हती आणि आता जागेला अंत नाही तर मंडळ नाही.

१० मार्च

संकेतस्थळ सुरू झालं. हार, फीत, भाषणं. भाषणात मंत्र्यांनी दोनदा 'शब्दकोश' म्हटलं, कोणीही टोकलं नाही, मीही नाही.

भाचीनं परदेशातून ताईला एक टॅब्लेट पाठवलाय, समोरासमोर बोलता यावं म्हणून. ताई त्याला 'पाटी' म्हणते. शेजारणीनं तिला तो वापरायला शिकवला. सहाच्या सुमारास मी घरी येतो तेव्हा पाटी टेबलावर रुमालाखाली झाकलेली असते. चारच्या चहाला लेकीशी बोलते म्हणे. बरं आहे, दुपार सरते.

१८ मार्च

ताईनं जेवताना विचारलं, तुमच्या त्या कोशात माणूस शोधायचा तर नाव आधी लिहायचं की आडनाव. मी घासाबरोबर एक लांबलचक उत्तर दिलं: आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव, मग वडलांचं नाव, पदव्या कधीच नाहीत. ती म्हणाली, "एवढं कशाला चिडतोस, सहज विचारलं." मी चिडलो नव्हतो. माझा आवाजच तसा झालाय.

२ एप्रिल

आज अनेक दिवसांनी बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

संगणक विभागात एक बाई आहेत, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान असतील, चष्मा दोरीला बांधलेला. संकेतस्थळावर लोकांनी काय शोधलं आणि मिळालं नाही, याची एक यादी आपोआप तयार होते. 'नोंद सापडली नाही' असं उत्तर गेलेले सगळे शब्द त्यात दिवस-वेळेसह येतात. मला पडद्यावर वाचवत नाही म्हणून बाई दर सोमवारी ती छापून देणार आहेत. आज पहिली दिली. बहुतेकांनी सूर्य शोधलाय. एकानं स्वतःचं नाव एकवीस वेळा.

चौथ्या पानावर दाजींचं नाव होतं.

आधी वाटलं डोळे फसले. मग मोजलं. बारा तारखेपासून रोज एकदा, चार वाजून पाच-दहा मिनिटांनी. बाई म्हणाल्या, याच शहरातून कोणीतरी आहे, एकच माणूस. पहिले सहा-सात दिवस साधं नाव-आडनाव टाकत होता, नंतर आडनाव आधी, स्वल्पविराम, अगदी कोशाच्या पद्धतीनं. "जाणकार दिसतो तुमचा वाचक," त्या म्हणाल्या.

म्हणजे दाजींना विसरलेलं नाही जग. कोणीतरी अभ्यासक आहे, शिस्तीचा, रोज ठरल्या वेळी टेबलाशी बसणारा. त्याला दाजी हवे आहेत आणि ते माझ्या खणात पडले आहेत.

ताईला सांगावंसं वाटलं. पण मंडळाचं काही ठरल्याशिवाय तिला आशा दाखवायची नाही. एकदा दाखवून चौदा वर्षं ताटकळत ठेवली.

१६ एप्रिल

पस्तीस वेळा. रविवारीही चुकलेला नाही.

१९ एप्रिल

वाचकाला शोधायला विद्यापीठाच्या वनस्पती विभागात गेलो. अर्ज करताना संस्थेबाहेरचा अभ्यासक पुढे उभा असला तर वजन पडतं. विभागप्रमुखांनी बसवून घेतलं, चहा पाजला आणि सांगितलं की शेवाळावर त्यांच्याकडे नऊ वर्षांत कोणी काम केलेलं नाही. दाजींचं नाव त्यांनी ऐकलं होतं. बहुधा ऐकलं होतं.

परतताना जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांशेजारी पुठ्ठ्याची खोकी दिसली. एकाचं झाकण उघडं होतं. आत दाजींच्या शेवाळाच्या नमुन्यांची पाकिटं, घडी घातलेल्या कागदाची, प्रत्येकावर जागा, तारीख, उंची. त्यातल्या निम्म्यांवर माझं शाळेतलं अक्षर. रविवारी दाजी सांगायचे, मी लिहायचो, ताई घड्या घालायची. घडी तीन बोटांची हवी, नाहीतर माती सांडते, यावरून ती मला ओरडायची. सगळ्या घड्या अजून तशाच घट्ट आहेत. शिपायानं विचारलं, तुमचं आहे का हे सामान, आम्हाला जागा करायचीय. मी नाही म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. बसमध्ये बसल्यावर लाज वाटली, पण उतरून परत गेलो नाही.

२० एप्रिल

सकाळीच परत गेलो. खोकी उचलली गेली होती.

८ मे

अर्ज दिला. चार पानं. मुख्य मुद्दा हाच, की मागणी आहे, हे मी म्हणत नाही, तुमचंच यंत्र म्हणतं. सोबत यादी जोडली, दाजींच्या नावाला तांबडी पेन्सिल लावून. संचालकांनी चाळली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. चोवीस जूनला तात्पुरती समिती बसणार आहे, तेव्हा ठेवतो म्हणाले.

घरी येताना चक्क शीळ घालत होतो. ताईनं दार उघडलं आणि म्हणाली, काय, बढती? मी म्हटलं, तसंच काहीसं. ती जिना चढून आल्यासारखी धापा टाकत होती, आणि फक्त दारापर्यंत आली होती.

२७ मे

एक गोष्ट कुठेच लिहिलेली नाही, ती इथे लिहितो.

तीन वर्षांपूर्वी एकोणिसाव्या खंडात 'शेवाळ' ही नोंद आली. बाहेरच्या लेखकानं लिहिलेली. त्यात एक वाक्य होतं की अमुक दोन जातींची पहिली नोंद दाजींनी केली. त्यानं आपणहून लिहिलं होतं, मी सांगितलं नव्हतं. ते वाक्य मी खोडलं. नोंद एका ओळीनं लांबत होती हे खरं. पण मुख्य कारण, संपादक आपल्या माणसाला घुसवतो असं कोणी म्हणू नये. चार दुसरी वाक्यं कापता आली असती. मी नेमकं तेच कापलं आणि वर मला स्वतःबद्दल आदरही वाटला.

ते राहिलं असतं तर आज शोधल्यावर दाजींचं नाव निदान 'शेवाळ'मध्ये सापडलं असतं. त्या माणसाला रोज 'सापडली नाही' वाचावं लागलं नसतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

९ जून

पहाटे ताईला श्वास लागला. रुग्णवाहिका बोलावली. फुप्फुसात पाणी साठलंय, हृदयाची ताकद तीस टक्के. डॉक्टरीण म्हणाली, हे एका रात्रीत झालेलं नाही, सहा महिने तरी पाय सुजत असतील, तुम्ही पाहिले नाहीत का? मी पाहिले नव्हते.

१२ जून

वॉर्डातच बसून लिहितोय. ताई बोलते आहे, थोडं थोडं. दुपारी म्हणाली, माझी पाटी आणशील का घरून. मी म्हटलं, इथे चोऱ्या होतात, भाचीशी माझ्या फोनवरून बोल. "तसं नाही रे," म्हणाली. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, राहू दे.

१७ जून

सोमवारची यादी बाईंनी चक्क रुग्णालयात आणून दिली, फळांच्या पिशवीत घालून. ताईची चौकशी केली. देव भलं करो त्यांचं.

दाजींचं नाव आठ तारखेला शेवटचं. नऊपासून काही नाही.

२१ जून

बाईंना फोन करून विचारलं, अजूनही नाही. ऐन वेळी या गृहस्थानं कच खाल्ली. तीन महिने नेमानं येणारा माणूस समितीच्या तोंडावर गायब होतो, याला काय म्हणावं. रागानं डोकं फिरलंय. आजारी असेल, असंही वाटून गेलं. पण आमच्या घरी एक आजारी पुरेसं आहे.

२४ जून

समिती अडीचला बसली, माझा विषय पावणेचारला आला. संचालकांसमोर ताजी यादी होती. ते नेहमीसारखे शांतच होते. म्हणाले, "सोळा दिवसांत एकदाही शोध नाही. तुमच्या वाचकाची गरज संपलेली दिसते." दुसऱ्या एका सभासदानं विचारलं, दिवंगत गृहस्थ आपले कोण? मी म्हटलं, बहिणीचे यजमान. विषय पुढे ढकलला, म्हणजे संपला.

रुग्णालयात पोचेपर्यंत साडेपाच वाजले. ताई जागी होती. चेहऱ्यावरून तिनं ओळखलं असावं. मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं, ना अर्जाचं, ना समितीचं. ती म्हणाली, "ती शेवाळातली ओळ तू खोडलीस ना, ती मी पाहिली होती. प्रुफं घरी आणली होतीस तेव्हा."

मी तिचं पांघरूण उगाच सारखं केलं.

"त्यांना आवडलं असतं," ती म्हणाली. "म्हणाले असते, पोरगं शिस्तीचं निघालं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी झोपलो असतो.

३ जुलै

ताई काल सकाळी गेली. मी खाली औषधं आणायला गेलो होतो.

११ जुलै

भाची आज परत जाते आहे. आठ दिवसांत आम्ही दोघांनी घर आवरलं, म्हणजे तिनं आवरलं, मी वस्तू एका जागेवरून दुसरीकडे ठेवल्या. वीस खंडांवर धुळीचा कण नाही.

निघताना मी तिला म्हटलं, तुझा चारचा फोन हाच तिचा खरा विरंगुळा होता. ती थांबली. "चारला कुठे, मामा? तेव्हा तर माझ्याकडे मध्यरात्र असते. आई सकाळी बोलायची, तू कचेरीत गेलास की."

मग चारला ती काय करायची, ते तिलाही ठाऊक नव्हतं. टॅक्सी आली.

११ जुलै, दुपारी

रुमाल काढून पाटी उघडली. एकच पान उघडं होतं, आमचं. वर शोधाची चौकट. तिच्यात मी एक अक्षर टाकलं मात्र, खाली पूर्ण नाव आपणहून आलं. आडनाव, स्वल्पविराम, नाव.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही म्हण सहाव्या खंडात आहे, मीच तपासली होती.

रोज चार वाजता. मी तिला स्वल्पविराम शिकवला आणि तिनं तो टाकला. मी विद्यापीठात गेलो, जिन्याखाली उभा राहिलो, अर्जात 'अज्ञात अभ्यासक' लिहिलं. ती मात्र रोज बघत होती, माझा शब्द आज तरी खरा झाला का. मला एकदाही विचारलं नाही, कारण मला वाईट वाटलं असतं. आणि रुग्णालयात पाटी मागितली तेव्हा मी तिला चोरांचं कारण दिलं.

आणून दिली असती तर सोळा दिवस कोरे गेले नसते. समितीनं तरीही नकार दिला असता, हे मला कळतं. पण तिनं त्या वेळी निदान शोधलं तरी असतं.

पुरवणीच्या खणातल्या माझ्या चाळीस ओळी आठवून पाहिल्या. एकही शब्द जास्त नाही, दाजींच्या पदव्याही गाळलेल्या. त्या चाळीस ओळींत ताई कुठेच नाही. घड्या कोणी घातल्या ते मला लिहायला सुचलंच नाही.

२२ जुलै

रजेनंतर आज कचेरीत गेलो. पुरवणीचं कपाट हलवलंय, कुठे ते नीट कोणी सांगत नाही. माझ्या टेबलावर आता स्कॅनचं यंत्र आहे, मला खिडकीजवळ बसायला सांगितलंय. सेवानिवृत्तीला सतरा महिने राहिले.

तीनच्या सुमारास संगणकवाल्या बाई आल्या. ताईबद्दल दोन शब्द बोलल्या, बऱ्यापैकी बोलल्या. मग चष्म्याची दोरी सावरत सोमवारची यादी पुढे केली. काहीतरी चांगलं सांगायला मिळाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर लपत नव्हता.

"तुमचा वाचक परत आला," त्या म्हणाल्या. "अकरा तारखेपासून रोज. बघा, चार वाजून दहा, चार वाजून दहा. एकदाही चुकला नाही."

मी यादी घेतली, घडी घातली. तीन बोटांची. बाईंना म्हटलं, हो, आजारी होता. मग चारला दहा मिनिटं होती, म्हणून पिशवीतून पाटी काढली आणि जिन्यात जाऊन बसलो.